चोरओटी

शीळफाट्याला गाडी जी अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये महिपतरावांची जुनी लाल गाडी. वागळे इस्टेटच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. मशीन ऐकतं आणि ट्रॅफिक ऐकत नाही, याचा त्यांना मनापासून राग होता. मागच्या सीटवर त्यांची लेक रसिका लिंबू हुंगत डोळे मिटून बसली होती. दहावा आठवडा चालू होता आणि डिझेलच्या वासाने तिला ढवळून येत होतं. आणि तिची आई कांता? कांता मनातल्या मनात म्हणत होती, अडकू दे. अशीच अडकू दे, आणि इथूनच मागे फिरावं लागू दे.

सख्ख्या बहिणीकडे निघालेली बाई असलं मागणं मागते का कधी? पण दहा वर्षांत कांताने कल्याणचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचा मुलगा ऋतुराज गेला तेव्हा धाकटी बहीण मालन तेरा दिवस ठाण्याला राहिली, आल्यागेल्याचं सगळं तिने बघितलं, आणि परत गेली. त्यानंतर कांताचं पाऊल काही तिच्या घराकडे वळलं नाही. दिवाळीचा फराळ महिपतरावांच्या हाती जायचा. फोनवर मालन म्हणायची, "ये गं ताई एकदा." कांता म्हणायची, "येते गं." झालं. मालनचा समज असा, की तिच्या सूरजला चाकाच्या खुर्चीत बघून ताईला आपला ऋतुराज आठवतो, म्हणून ती येत नाही. सगळ्या नात्यागोत्याचा तोच समज होता. कांताने तो कधी खोडून काढला नाही, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

ते तिच्या पर्समध्ये होतं. दोन चिठ्ठ्या. एक परवाच्या बुधवारची, करकरीत. दुसरी तेवीस वर्षांची, घड्यांवर फाटत आलेली. गंमत म्हणजे दोन्हींतला मजकूर जवळजवळ एकच होता.

बुधवारची चिठ्ठी योगिनी मॅडमनी दिलेली. रसिकाच्या डोंबिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी "भाऊ कशाने गेला?" एवढंच विचारलं होतं, आणि ऐकल्याबरोबर कागद लिहून दिला. रसिकाला डोंबिवलीहून कल्याणला पाठवलं, कल्याणहून ठाण्याला, आणि ठाण्याला कळलं की पिढीजात आजारांचा सल्ला देणाऱ्या मॅडम फक्त बुधवारी येतात, मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून, दहा ते एक. बाहेर बाकावर सत्तावीस माणसं बसलेली. नंबर लागला तेव्हा साडेबारा वाजले होते.

मॅडमनी कोरा कागद घेतला आणि घराण्याचं झाड काढायला बसल्या. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल. ऋतुराजचा चौकोन त्यांनी पेनाने पूर्ण काळा केला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. विसाव्या वर्षी गेलेला मुलगा तेवढ्याशा रेघेत बसला, याचं कांताला फार वाईट वाटलं.

"तुम्हाला बहीण?" मॅडमनी विचारलं.

"नाही," कांता म्हणाली.

"आई!" रसिका जवळजवळ ओरडलीच. "मालनमावशी कोण मग?"

कांताला स्वतःलाच कळलं नाही आपल्या तोंडून काय गेलं. मॅडमनी तिच्या गोलाशेजारी दुसरा गोल काढला, त्याखाली सूरजचा चौकोन, आणि तोही काळा केला. मग त्यांनी सांगितलं. हा स्नायूंचा आजार बायका अंगात बाळगतात आणि मुलगे भोगतात. बाईला पत्ताही नसतो. रसिकात तो असेल किंवा नसेल, छापा-काटा. ऋतुराजच्या वेळी जी तपासणी होती तीत नेमका दोष सापडला नव्हता. सूरजची हल्लीची, नवीन तपासणी झालेली असेल, तर तो रिपोर्ट आणा. मग रसिकाचं आठवडाभरात कळेल, आणि गरज पडली तर बाळाचंही वेळेत बघता येईल. नाहीतर पहिल्यापासून शोधत बसावं लागेल, आणि आठवडे हातात थोडे आहेत.

"रिपोर्ट तुमच्याच दवाखान्यात असेल ना, मॅडम?" रसिकाने विचारलं.

"असेलही. पण आपल्याकडे आजार घराण्याचा असतो आणि फाईल एकेका माणसाची. सूरजच्या फाईलला रसिका माहीत नाही. माहीत असती तरी त्याच्या आईच्या परवानगीशिवाय मी ती उघडू शकत नाही, आपण होऊन तिला फोनही करू शकत नाही. नातेवाइकांना सांगायचं काम घरच्यांचं. आम्ही फक्त चिठ्ठी देतो." आणि मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलाच्या वेळी दिली होती का कुणी अशी चिठ्ठी?"

"आठवत नाही," कांता म्हणाली. आठवत नाही कसलं! कपाटातल्या शालूच्या घडीत तेवीस वर्षं जपून ठेवली होती.

घरी येऊन तिने मालनला फोन लावला. म्हणायचं होतं, सूरजचा रिपोर्ट पाहिजे. तोंडून निघालं, "रसिकाला दिवस गेलेत." पलीकडून मालन अशी काही किंचाळली की महिपतरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "तिसरा लागला ना? मग चोरओटी मीच भरणार! कुणाला सांगू नका, रविवारी घेऊन या तिला. ताई, तूपण येशील ना गं? या वेळी तरी?" पुढे रिपोर्टचं कांता बोलणार कुठून?

अखेर कंटेनर हलला. महिपतरावांनी गिअर टाकला आणि आरशातून बायकोकडे बघितलं. "हे बघ, नवीन चिठ्ठी दे आणि रिपोर्ट घे. जुनं उकरत बसू नकोस."

"कसलं जुनं, पप्पा?" रसिकाने डोळे उघडले.

"काही नाही. तू लिंबू हुंग."

*

मालनचं घर कोळसेवाडीत, तळमजल्यावर. उंबऱ्यावर तिच्या नवऱ्याने, भगवानने, प्लायवूडचा उतार ठोकला होता, खुर्चीसाठी. भगवान बसवर ड्रायव्हर, रविवार असून ड्युटीवर. मालन दारातच उभी होती. केस पिकलेले, कमरेला पट्टा. सतरा वर्षांच्या मुलाला उचलून उचलून बाईची कंबर गेलेली, हे कांताला सांगावं लागलं नाही. ती नजर तिला होती. मालनने आधी रसिकाच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग बहिणीकडे वळली. मालनने नुसता तिचा हात धरला आणि आत नेईपर्यंत सोडला नाही.

"मावशी, तू खरी आहेस?" खुर्चीतून सूरज म्हणाला. "मला वाटलेलं तू फक्त व्हॉट्सॲपवर असतेस. गुड मॉर्निंगवाली."

कांता हसली आणि हसता हसता तिने त्याच्याकडे नीट बघितलं. ऋतुराजचाच तो कपाळावरचा भोवरा. तेच पातळ झालेले हात, आणि तोंड मात्र अखंड चालू. आणि तो डावीकडे कलून बसला होता. डावीकडेच कलायचे ते दोघे, आजारसुद्धा कसा घराण्याची सवय पाळतो बघा. कांताने विचार केलाच नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, दोरीवरचा टॉवेल ओढला, तीन घड्या घातल्या, "जरा पुढे घे रे बाळा," म्हणत एका हाताने त्याला सावरलं आणि दुसऱ्या हाताने घडी बरोबर मांडीच्या सांध्याखाली सरकवली. पोरगा सरळ झाला.

"अरे बाप!" सूरज म्हणाला. "मम्मी, बघ ना. दुखायचं थांबलं एकदम. काय केलंस काय, मावशी?"

मालन स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. "दोन वर्षं मी उशा लावतेय," ती हळूच म्हणाली. "इकडून लाव, तिकडून लाव. रात्रभर कण्हतो."

कांताला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पण मालनला आज वाईट वाटून घ्यायचंच नव्हतं. ती तरातरा पाट मांडत होती, रांगोळीची दोन बोटं ओढत होती. ताटात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी, खारका. "सूरज, दार लोटलंय ना? चोरओटी आहे बाबा, शेजारच्या काकूंना वास लागला तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या कल्याणला बातमी." मग रसिकाला पाटावर बसवताना तिचा हात थांबला. "रसिका, खरं सांग हं. माझ्या हातची चालेल ना तुझ्या सासूबाईंना? म्हणजे... आमच्या घरात हे असं. काही बायका मला बोलवत नाहीत ओटीला."

"मला तुझ्याच हातची पाहिजे, मावशी," रसिका म्हणाली.

मालनने डोळे पुसले, हसली, ओंजळ तांदळांनी भरली. "माझी तुझ्या आईने भरलेली, ह्याच खोलीत. तू एवढीशी होतीस. सगळ्या खारका तूच खाल्लेल्यास. ताई, आठवतं तुला?"

आता आठवत नाही म्हणायची सोय नव्हती.

"मालन, थांब," कांता म्हणाली. "आधी हे वाच."

"कांता!" महिपतराव खुर्चीतून अर्धे उठले. "नवीन. नवीन दे तिला."

तिने जुनी दिली.

मालनने तांदूळ ताटात परत सोडले, हात पदराला पुसले आणि चिठ्ठी उजेडाकडे धरून, ओठ हलवत वाचली. ऋतुराजला अमुक आजार आहे. तो आईकडून येण्याचा संभव आहे. तरी सौ. कांता यांच्या सख्ख्या बहिणींनी लग्नानंतर, गरोदर राहण्याआधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत, सदर विभागात अवश्य भेटावे. खाली सही, शिक्का, तारीख. तारखेवर तिचं बोट थांबलं.

"ऋतुराज सात वर्षांचा होता तेव्हाची," मालन म्हणाली. "माझं लग्नही झालं नव्हतं."

"हो."

"आणि तू माझी ओटी भरायला आलीस तेव्हा?"

"पर्समध्ये होती," कांता म्हणाली. "देणारच होते. पर्स उघडलीसुद्धा."

"आणि परत बंद केलीस," पाटावरून रसिका म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी बघितलेलं. मला वाटलं तू चॉकलेट काढतेयस माझ्यासाठी. आई, तू बुधवारी त्या मॅडमला म्हणालीस आठवत नाही!"

"अगं, त्या वेळचा काळ वेगळा होता," महिपतराव मध्ये पडले. "चूक माझीपण आहे, मालन. मीच म्हणालो हिला, देव करो आणि तिला मुलगी होवो, कशाला उगाच घाबरवतेस. माझी आई तुला माहितीये कशी होती. उठताबसता हिला ऐकवायची, तुझ्या माहेरची कीड आमच्या घरात आणलीस म्हणून. हिला कुठे तोंड उघडायची..."

"तुम्ही थांबा," कांता म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, चारचौघांत ती नवऱ्याला असं पहिल्यांदा म्हणाली. "मालन, लग्नाआधी सांगितलं असतं तर तुझं जमलेलं मोडलं असतं. लग्नानंतर वाटलं, भगवानच्या घरच्यांनी तुला परत पाठवलं तर? असं मी मनाला सांगायचे. पण ते सगळं खरं नाही. चिठ्ठी तुझ्या हातात दिली असती म्हणजे सासूबाई म्हणत होत्या तेच कबूल केल्यासारखं झालं असतं. आपल्या आईकडून आलं, माझ्याकडून आलं. मला आपलं माहेर स्वच्छ ठेवायचं होतं गं. तेवढंच एक माझं होतं त्या घरात."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"मम्मी," सूरज म्हणाला, "म्हणजे ती चिठ्ठी वेळेवर पोचली असती तर मी नसतो?"

"गप्प बस तू."

"नाही, सीरियसली. तसं असेल तर मी तरी मावशीला थँक्यू म्हणायला पाहिजे ना यार."

मालनने तोंडाला पदर लावला आणि मग तिला आवरलं नाही. रसिका पाटावरून उठायला लागली तशी तिने हातानेच खूण केली, बस खाली.

"मी काय केलं असतं मला माहीत नाही," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "हा नसता, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका कुणी. मी म्हणणार नाही. पण ते ठरवायचं माझं होतं, ताई. माझ्या पोटचं तू ठरवलंस." तिने चिठ्ठीची घडी घातली, होती तशीच. "आणि एकवेळ तेही मी देवावर सोडीन. पण ही दहा वर्षं? तुला सगळं माहीत होतं. कधी पडायला लागेल, कधी खुर्ची घ्यायची, रात्री कुशीवर किती वेळाने वळवायचं. टॉवेल कुठे घालायचा! मी एकटी चाचपडत राहिले गं. प्रत्येक वेळी वाटायचं, ताईला विचारू, मग वाटायचं नको, तिला ऋतुराज आठवेल, तिला त्रास होईल. मी तुला जपत होते. तुला!"

माफ कर म्हणण्याइतकंही कांताला आपलं तोंड आपलं वाटेना.

रसिका उठलीच. "चल, पप्पा. मावशी, मला काही नको. आम्ही रिपोर्ट मागायला आलेलो खरं तर. ओटीचं तू म्हणालीस म्हणून... मला लाज वाटते. आम्ही बघू दुसरं काहीतरी."

"कसला रिपोर्ट?"

आता दुसरी चिठ्ठी निघाली. ती रसिकानेच काढून दिली. मालनने तीही वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मग आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरल्या. महिपतराव जमिनीकडे बघत बसले होते. सूरजने कांताला खुणेने जवळ बोलावलं.

"मावशी, एक विचारू? दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. दादाला शेवटी शेवटी भीती वाटायची?"

कांता त्याच्या खुर्चीशी खाली बसली. खोटं बोलायची सवय होती, पण आज तीही कामाला येईना. "वाटायची," ती म्हणाली. "मग तो म्हणायचा, आई, बडबड कर. मग मी काहीही बोलत राहायचे. कुणाचं कुणाशी भांडण झालं, कोण कुणाबरोबर पळालं. ऐकता ऐकता झोपायचा."

"भानगडी आमच्या चाळीतपण भरपूर आहेत," सूरज म्हणाला. "सांगायला माणूस नाही. मम्मी दमून झोपते."

मालन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक रिपोर्ट होता, चार पानांचा, कोपऱ्यात टाचलेला. तो तिने ताटात नारळाशेजारी ठेवला आणि रसिकासमोर बसली.

"बस नीट. मांडलेली ओटी अर्धवट टाकून उठत नाहीत."

रसिकाने पदर पसरला. मालनने ओंजळीने पाच वेळा तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, खारका, सुपारी, हळकुंड, आणि सगळ्यांत वर तो रिपोर्ट, दुमडून. पदराच्या कडा तिने स्वतःच्या हातांनी आत खोचल्या.

"बुधवारी जा," ती म्हणाली. "माझी सही लागत असेल तर मला घेऊन जा. काय निघेल ते निघेल. पण काय करायचं ते तू ठरव. तुझ्या आईने नाही, सासूने नाही, मीही नाही. कळलं?"

रसिकाने मान हलवली. ती रडत होती आणि दोन्ही हातांनी ओटी सांभाळत होती, त्यामुळे नाक पुसता येत नव्हतं. मालननेच पुसलं.

चहा झाला, पण तो कुणाला गेला नाही. महिपतराव गाडी वळवायला बाहेर पडले, रसिका त्यांच्यामागून. कांता चपला घालताना उगाच वेळ लावत होती. चाळीस वर्षांपूर्वी ह्याच बहिणीचा हात धरून तिने तिला शाळेत नेऊन सोडलं होतं, आणि आता तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. जुनी चिठ्ठी तिला कुठे दिसेना. मालनने ठेवून घेतली होती, आणि ती मागायचा तिला अधिकार नव्हता.

"येते गं," कांता म्हणाली.

मालनने "ये" म्हटलं नाही. दहा वर्षं फोनवर न चुकता म्हणत होती ते आज म्हटलं नाही. कांता प्लायवूडच्या उतारावरून खाली आली. चार पावलं गेली असेल नसेल.

"ताई."

ती वळली. मालन दारात उभी होती, एका हाताने चौकट धरून. रडून रडून चेहरा सुजला होता आणि त्यावर माया कुठे दिसत नव्हती.

"मंगळवारी ह्यांची सकाळची ड्युटी असते," ती म्हणाली. "दहा वाजता ये. तो टॉवेल कसा घालायचा ते परत दाखव. मला नीट दिसलं नाही."